कनेक्टिंग रॉडवरची रेघ

जव्हार संस्थानच्या मोटारखान्यात मी मिस्त्री होतो. मोटारखाना म्हणजे आधीची घोड्यांची पागा. माझा बाप तिथे घोड्यांना खरारा करायचा आणि त्याच फरशीवर मी मोटारीखाली उताणा पडलेला असायचो. इंजिनाचं काम शिकायला संस्थानाने मला मुंबईच्या एका कारखान्यात धाडलं होतं. तिथून येताना कला हातात आली आणि राग नाकावर. कला पुढे जरा गंजली. राग मात्र अजून चकचकीत आहे, असं बायको म्हणते.

त्या वर्षी पाऊस ओसरायला लागला तेव्हा कारभाऱ्यांनी मला वाड्यावर बोलावलं. दिवाळीनंतर सरकारांकडे दुसऱ्या संस्थानचे पाहुणे यायचे होते आणि त्यांना उघड्या मोटारीतून मोखाड्यामार्गे नाशिकला न्यायचं होतं. आमची मोटार मोखाड्यापुढच्या घाटात हटकून तापायची. पाण्याची वाफ व्हायची आणि आतल्या मंडळींना उतरून ढकलावं लागायचं. पाहुण्यांना ढकलायला लावलं तर संस्थानची अब्रू जाईल, असं कारभाऱ्यांचं म्हणणं. "इंजिन असं जोरदार कर की घाट पळत चढला पाहिजे. लागेल ते मुंबईहून मागव," ते म्हणाले.

मला जोरदार इंजिन हवंच होतं. पाहुण्यांचं मला काही पडलेलं नव्हतं. माझ्या बायकोला दिवस गेले होते.

आधीच्या खेपेला तिला बैलगाडीतून नाशिकच्या इस्पितळात न्यायला निघालो होतो. घाटात एका वळणावर उंबराचं झाड आहे, तिथे गाडीतच ती बाळंत झाली. मूल रडलं नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. त्यानंतर ती बरेच दिवस उंबराचं नाव घेत नसे आणि मीही घेत नसे. या खेपेला दवाखान्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की बैलगाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत; दिवस भरायच्या आधीच मोटारीने नाशिक गाठा. कारभाऱ्यांकडे मी शब्द टाकला आणि त्यांनी मान डोलावली. इंजिन तयार झालं की पहिली फेरी नाशिकला, आणि त्या फेरीत माझी बायको बसेल. तेव्हा मला मोटार कशी हवी होती ते एका वाक्यात सांगतो: त्या घाटात ती थांबता कामा नये.

मुंबईहून खोका आला. इंजिनात पेल्यासारखा पिस्टन वर-खाली होतो आणि त्याचा जोर खालच्या दांड्याला पोचवतो तो कनेक्टिंग रॉड. आमच्या मोटारीचे जुने पिस्टन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जड. खोक्यात आले ते अॅल्युमिनियमचे, हातात घेतले तर रिकामी वाटी उचलल्यासारखे हलके, उष्णता चटकन सोडणारे, आणि डोक्याला जरा उंच, म्हणजे पेट्रोलची वाफ जास्त दाबणारे. सोबतचे रॉड शर्यतीच्या मोटारीतून काढलेले, वापरलेले. बारीक अंगाचे, घासून गुळगुळीत केलेले. आमचे जुने रॉड त्यांच्यापुढे मुसळासारखे दिसत होते. हलका रॉड, हलका पिस्टन, की इंजिन चटकन फिरतं, आणि चटकन फिरलं की घाट चढतं. मी ते रॉड पाहिले आणि खरंच सांगतो, त्यांच्या प्रेमात पडलो.

पण वापरलेल्या रॉडवर भरवसा ठेवायचा म्हणजे आधी त्याला तडा आहे का ते बघायला हवं. डोळ्याला न दिसणारा तडासुद्धा इंजिन भरधाव असताना उघडतो, आणि रॉड तुटला तर इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो. मुंबईला त्यासाठी एक सोपी रीत होती. रॉड घासलेटात बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड स्पिरिटात कालवून फासायची. तडा असेल तर त्यात मुरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते.

जव्हारात खडू होता तो शाळेत, आणि मास्तर तुकडासुद्धा मोजून देणारे. स्पिरिट दवाखान्यात, कुलपात. मी घरी येऊन या गोष्टीवर आदळआपट करत होतो तर चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली, "पांढराच हवा ना? तं भाताचं पीठ हाय की." लेकीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून ती पोशेऱ्याहून येऊन राहिली होती. लग्नाच्या घराची भिंत पिठाने पांढरी रंगवण्यात तिचा हात धरणारं त्या बाजूला कोणी नव्हतं. पिठाचा प्रश्न सुटला. स्पिरिटाच्या जागी मी मोहाची पहिल्या धारेची मागितली. ती कुठून आली ते मी विचारलं नाही, पण लोखंडावर ओतायला म्हटल्यावर सासूने माझ्याकडे असं पाहिलं की लेक भलत्याच घरात दिली असं तिला वाटलं असावं.

"जावाय, माणसाला पाजायची वस्तू ती," ती म्हणाली.

"यालाच पाजून बघू, खरं बोलतो का," मी म्हटलं.

मोटारखान्याची फरशी अजून ओलसर होती, म्हणून ते सगळं मी घरीच केलं. घासलेटातून काढलेले रॉड पुसून पिठाने रंगवले आणि चुलीच्या उबेला सुपात ओळीने ठेवले. एवढ्यात वाड्यावरून शिपाई आला. गावाबाहेरचा शिरपामाळ बघायला गेलेल्या कुणा साहेबाची मोटार चिखलात रुतली होती. मी चरफडत उठलो. मायलेकींना सांगितलं, "कोंबड्या येऊ देऊ नका, याच्यावर लक्ष ठेवा." काय बघायचं, कशासाठी बघायचं, ते सांगायला मी थांबलो नाही. घाईत होतो आणि साहेबाला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

संध्याकाळी परतलो तर सुपात रॉड कसे? दुधासारखे पांढरे. कुठे डाग नाही, रेघ नाही. मी एकेक उचलून दारातल्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोला म्हटलं, "झालं तुझं काम. नाशिक आता लांब नाही." ती हसली. तिच्या हसण्याला तेव्हा पोटाचाही भार होता. हसताना ती एक हात भिंतीला टेकायची. मला ती फार आवडली त्या वेळी. तसं बोलून मात्र दाखवलं नाही, जेवायला वाढ म्हणालो.

मग मी वजनं जुळवायला घेतली. सगळे पिस्टन आणि सगळे रॉड सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन हादरतं आणि ते हादरे मागे बसलेल्याच्या अंगात जातात. मागे कोण बसणार हे मला ठाऊक होतं. बाजारातल्या किराणा दुकानातून तराजू मागून आणला. एका पारड्यात एक रॉड, दुसऱ्यात दुसरा. जो खाली जाईल त्याच्या जाड टोकाला कानस लावायची आणि पुन्हा तोलायचं. असं करत सगळे एका वजनावर आणले. पिस्टनही आतून तसेच खरवडले. इतक्या शांतपणे मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. मोटारखान्यातली माणसं म्हणू लागली, मिस्त्रीला ताप आलाय की काय, ओरडत कसा नाही.

रॉड बसवायला घेणार त्या दुपारी बायको भाकर घेऊन आली. एवढं चालत येऊ नकोस म्हणून मी तिच्यावर खेकसलो, तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बाकावरचे रॉड बघत बसली. ते आता धुऊन पुसून लखलखीत होते.

"यातला तो हट्टी कोणता रे?" तिने विचारलं.

"कोणता हट्टी?"

"एक होता बघ. त्याच्यावर डाग यायचा. आई पांढरा हात द्यायची, सुकला की परत डाग. भिंतीला ओल येते ना, तसा. मग आईने दाट हात दिला, मीबी दिला. तवा कुठं गप बसला."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. ओठांवर शिवी आलेली होती. पण समोर ती इतक्या कौतुकाने बोलत होती! तिच्या माहेरी लग्नाच्या भिंतीवर डाग राहू देत नाहीत. ओल उमटली तर तिच्यावर पुन्हा पुन्हा पांढरं देतात, नव्या संसारावर डाग नको म्हणून. त्या दोघींनी माझ्या रॉडला तीच माया लावली होती. मी पाना खाली ठेवला. शिवी गिळली आणि म्हणालो, "आण ते पीठ."

तिने घरून पीठ आणि उरलेली मोहाची आणवली. मी सगळे रॉड परत घासलेटात बुडवले, पुसले, पांढरे केले, आणि उन्हात ठेवून आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. आधी काहीच झालं नाही. मग एकाच्या मानेपाशी, जिथे बोल्टाचं भोक असतं तिथे, केसासारखी रेघ आली. ती तिरपी सरकत सरकत जवळजवळ पलीकडच्या कडेला पोचली. बायकोचा हात सवयीने पिठाकडे गेला आणि मध्येच थांबला. मी तिला रॉड तुटला तर काय होतं ते सांगितलं. घाटात, चढावर, भरधाव इंजिनात. ऐकून ती म्हणाली, "आम्ही झाकत होतो ते."

"तू सांगितलंस म्हणून तर कळलं," मी म्हटलं. एकदा तरी नीट बोललो.

आता निवड उरली होती. तसला दुसरा रॉड मुंबईहून यायला वेळ लागला असता, आणि बायकोचे दिवस कुणासाठी थांबणार नव्हते. बाकीच्या रॉडवर रेघ आली नव्हती, पण त्यांच्यावरून माझं मन उडालं. मी नवे पिस्टन ठेवले आणि त्यांना आमचे जुने मुसळासारखे रॉड जोडायचे ठरवले. वर्षानुवर्षं त्यांनी संस्थानची माणसं वाहिली होती, कुरकुर केली नव्हती. नव्या पिस्टनला रॉडशी जोडणारी खीळ बारीक होती, तेव्हा जुन्या रॉडच्या भोकात कांशाची जाड पुंगळी बसवून ते जुळवलं. पुन्हा तराजू, पुन्हा कानस.

कारभारी बघायला आले तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "मोटार घाट चढेल, न तापता चढेल. पळत चढणार नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मग एवढा खर्च कशाला केला? पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"पाहुण्यांच्या आधी माझी बायको बसणार आहे," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण मोटारखान्यातले सगळे कामं सोडून बघू लागले. नोकरी जाईल असं मला वाटलं. कारभाऱ्यांनी मोटारीची मागची बैठक हाताने दाबून पाहिली. मग म्हणाले, "तिच्यासाठी मागे गादी टाक. आणि हळू ने."

निघालो तेव्हा भात कापून खळ्यावर आलेलं होतं. सासू मागे लेकीला धरून बसली होती. मोखाडा गेला आणि घाट लागला. पहिल्या गियरमध्ये मोटार एकसारखी घुमत चढत होती. पाणी तापलं पण उकळलं नाही. माझे कान इंजिनाला लागलेले, आणि डोळे त्या वळणाला. उंबर आला. माझ्या मनात आलं, हिला इथे उतरावंसं वाटेल, हात जोडावेसे वाटतील. मी वेग कमी केला.

तिचा हात मागून माझ्या खांद्यावर आला. "थांबू नको," ती म्हणाली.

मी थांबलो नाही. मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता हे मात्र खरं. मागे सासू मोठ्याने रडत होती, त्यामुळे माझं कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाशिकला मुलगी झाली. रडली, आणि असं रडली की माझ्यावर गेली हे इस्पितळातल्या परक्या लोकांनाही कळलं.

तो तडकलेला रॉड मी घरी आणला. चुकून कुणी इंजिनात बसवू नये म्हणून त्याच्या रेघेवरून छिन्नी फिरवून ती खोल करून ठेवली होती. बायकोने तो आतल्या भिंतीवरच्या खुंटीला टांगला. दरवर्षी नवं भात घरात आलं की ती भिंत सारवते, वर पिठाचा पांढरा हात देते, आणि त्या हाताबरोबर रॉडलाही देते. मग रेघेपाशी येऊन बोटाने तेवढं पांढरं पुसून काढते.

मुलगी आईबरोबर भिंत रंगवण्याएवढी झाली, तेव्हा एकदा तिने पिठात बोटं बुडवली आणि ती रेघ भरायला निघाली. "आई, इथे राहिलंय तुझं," ती म्हणाली.

बायकोने तिचा हात धरला.

"राहू दे तशीच. ती दिसली म्हणून तू हायस."