चिरनेरचा पाला

सुकापूरला भाजीवाल्यांच्या रांगेपुढे डावीकडे वळलं, की उंच इमारतींच्या मधोमध एक बैठं घर अजून तग धरून आहे. त्याच्या ओटीवर रंभा घरत बसते. बसते म्हणजे काय, ठाण मांडते. वय पन्नाशीचं, आवाज दांडगा आणि पाठीवर मनगटाएवढी जाड वेणी. ती वेणी हीच तिची जाहिरात. दारावर पाटी नाही, पार्लरचं नाव नाही. पण कामोठ्यापासून नवीन पनवेलपर्यंत ज्या ज्या बाईचे केस पातळ, तिला कुणीतरी सांगायचंच, "अगं, रंभाताईकडून मेहंदी लावून घे."

तिची रीत ठरलेली होती. मेहंदी आदल्या दिवशी लोखंडी कढईत कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजवायची. नाजूक केसांना दही जास्त आणि वेळ कमी. तासाच्या वर एक मिनिट नाही, कारण मेहंदी वाळली की असला केस काटकीसारखा तुटतो. धुवायचं नुसत्या पाण्यानं, खोबरेल दुसऱ्या दिवशी, आणि महिन्यातून एकदा न चुकता यायचं. "जादूबिदू काय नाय," ती ठणकावून सांगायची. "मेहंदी केसाला अंग देते. हाय तो केस तुटायचा थांबतो. थांबला की दिसतो. एवढंच हाय ते."

एखादी बाई बाजारातलं पाकीट घेऊन आली की मात्र रंभाचं डोकं फिरायचं. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून ती त्या बाईच्याच तळहातावर ठेवायची आणि "उद्या ये दाखवायला" म्हणून वाटेला लावायची. खऱ्या पाल्याचा रंग आधी नारिंगी येतो आणि दुसऱ्या दिवशी लालगर्द होतो. तासाच्या आत हात काळा पडला, तर त्यात पाला कमी नि कारखाना जास्त. मग पाकीट गटारात आणि बाईची खरडपट्टी फुकट. मोठमोठ्या मॅडम तिच्या ओटीवर हात पुढे करून उभ्या राहायच्या, शाळेत नखं दाखवतात तशा. ही परीक्षा फक्त एका पिशवीला माफ होती. जनीच्या.

जनी म्हणजे रंभाच्या माहेरची, चिरनेर गावची जनी म्हात्रे. दोघी एका आळीत वाढल्या, एका बाकावर बसल्या आणि एकाच वर्षी नापास झाल्या. रंभा लग्न होऊन सुकापूरला आली, जनी गावातच दिली. जनीच्या वाडीला मेहंदीचं कुंपण होतं, चांगलं पुरुषभर उंच. वीस वर्षांपूर्वी रंभाला टायफॉइड झाला आणि केस मुठीमुठीनं हातात यायला लागले. ही तोंडाळ बाई डोक्यावर पदर ओढून घरात बसली. बोलेना, बाहेर येईना. तेव्हा जनी आली. कुंपणाचा पाला सावलीत वाळवून, खलबत्त्यात कुटून, लुगड्याच्या फडक्यातून गाळून आणलेली पिशवी तिच्या हातात होती. दहा महिने दर महिन्याला ती येत राहिली आणि रंभाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं मेहंदी थापत राहिली. केस परत आले. त्या केसांतूनच रंभाचा हा धंदा उभा राहिला.

मग अशा पिशवीची परीक्षा घ्यायची? छे! आईनं भरवलेला घास कुणी आधी हुंगून बघतं का? रंभा हुंगायची, पण ते कौतुकानं. दर महिन्याला जनी आली की गाठ सोडून ती डोळे मिटायची, छाती भरून वास घ्यायची आणि ओटीवरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं ओरडायची, "आला गो आला, माजा चिरनेर आला! डोळं बांधून सांगीन मी जनीचा पाला." बायका हसायच्या. जनीही हसायची.

आता प्रांजलचं सांगायला हवं. ही कामोठ्याची, क्लासमध्ये गणित शिकवणारी मुलगी. जन्मापासूनच केस रेशमासारखे बारीक, वेणी घातली तर उंदराची शेपटी. तिचं लग्न ठरलं आणि साखरपुड्यात नवऱ्याच्या आत्यानं चारचौघांत तिच्या केसांना हात लावून बघितलं. "गजरा अडकवायचा कशाला गं? हिला तर गंगावनच लागणार." गंगावन म्हणजे खोट्या केसांचा जुडगा. प्रांजल तिथे हसली, आणि दुसऱ्या दिवशी रंभाच्या ओटीवर येऊन ढसाढसा रडली.

रंभाला रडणं सहन व्हायचं नाही. ती उसळलीच. "कोन ती आत्या? ऐक पोरी. तुज्या लग्नात तुज्याच केसांचा आंबाडा मी माज्या हातानं घालीन. गंगावन लावायची पाळी आली ना, तर ही कढई पालथी घालीन. परत मेहंदीत हात नाय घालनार!"

अकरा महिने दोघी त्या शब्दामागे लागल्या होत्या. प्रांजलनं एकही महिना चुकवला नाही. केसांना खरंच अंग येत गेलं. पूर्वी तिची क्लिप घसरून फळ्याखाली पडायची आणि मुलं खिदळायची. एक दिवस तिनं रंभाला फोटो पाठवला, नुसत्या क्लिपचा. खाली लिहिलं होतं, "मावशी, सकाळपासून हलली नाही!" रंभानं तो फोटो अख्ख्या आळीला दाखवला.

लग्नाला पाच आठवडे उरले तेव्हा शेवटची मेहंदी ठरली. जनी दोन दिवस आधीच पिशवी देऊन गेली होती. रंभानं नेहमीसारखे डोळे मिटून वास घेतला आणि जराशी थबकली. "यंदा पाला कडक हाय गो."

"उन्हाचा हाय," जनी म्हणाली आणि हसली. विषय तिथेच संपला.

मेहंदी कढईत काळीभोर झाली होती. पण लोखंडात ती नेहमीच काळपट होते, त्यामुळे रंभाला वेगळं काही वाटलं नाही. लावून वीस मिनिटं झाली तशी प्रांजल चुळबुळ करायला लागली. "मावशी, टाळू चरचरतेय हो."

"उष्णता निघते डोक्यातली. गणितं घालून घालून तापलंय ते!"

ओटीवर हशा पिकला. प्रांजलही हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "खरंच जळतंय." तेव्हा रंभानं तिच्या खांद्यावर हात दाबला. "चिरनेरचा पाला हाय पोरी. तो कुनाला लागत नाय. दम धर." पोरीनं दम धरला. पूर्ण तासभर धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रांजलची आई दारात आली. चप्पलही काढली नाही. "तिचे डोळे उघडत नाहीयेत, रंभाताई. कपाळ सुजलंय, डोकंभर फोड आलेत. डॉक्टर म्हणतात, हे काळ्या मेहंदीतलं केमिकल आहे. तुम्ही घातलंत काय तिच्या डोक्यात?"

"पाला! माज्या मैत्रिनीनं हातानं कुटलेला. देवाशपथ सांगते."

आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर रंभाला बरं वाटलं असतं.

ओटीवर कुणी नव्हतं. रंभानं जनीची पिशवी काढली. डॉक्टरला काय कळतं, असं पुटपुटत तिनं चिमूटभर पावडर वाटीत घेतली, साधं पाणी घातलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच तो पाला स्वतःच्या तळहातावर ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची वेळच आली नाही. चहा उकळेपर्यंत खाज सुटली. तिनं हात धुतला, तर मधोमध बांगडीएवढा काळा डाग. लाल नाही, तांबूस नाही, तव्याच्या बुडासारखा काळा. ती साबणानं घासत राहिली. घासता घासता मोरीतच बसली.

सकाळी तिनं चिरनेरची एसटी पकडली. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सात-आठ वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. जनीच यायची, हिला जायची गरज पडली नव्हती. वाटेत एकच आशा धरून होती, की कुणीतरी पिशवी बदलली असेल, जनीलाही फसवलं असेल. जनीच्या वाडीपाशी पोचली आणि उभीच राहिली. कुंपण नव्हतं. सिमेंटची भिंत होती, गुलाबी रंगाची, तिला लोखंडी फाटक. मेहंदीचं एक पान म्हणून दिसत नव्हतं.

जनी पाणी घेऊन बाहेर आली. रंभाच्या हातात पिशवी बघितली आणि तांब्या तिथेच खाली ठेवला.

"कदी तोडलं?" रंभानं विचारलं.

"दोन वर्सं झाली. दीपेशला गाडी आत घ्यायची होती. मी रडले, पन पोरगा ऐकतोय थोडाच."

"नि पाला?"

जनी तांब्या उचलून बाजूला ठेवायला लागली.

"पाला कुठचा आनत होतीस, जने?"

"पनवेलचा," जनी खालच्या आवाजात म्हणाली. "बाजारात उतरायची, सुटी पावडर घ्यायची नि पिशवीत भरून तुज्याकडं यायची. नेहमीची साधीच असायची गो. या खेपेला ती संपलेली. दुकानदार बोलला, ही पन चांगली हाय, लवकर रंगते. मला काय ठावं?"

म्हणजे रंभाचा चिरनेर पनवेलच्या बाजारातून सुकापूरला येत होता. रिक्षानं पंधरा मिनिटं! आणि ती डोळे मिटून छाती भरून वास घेत होती. रागाच्या आधी लाजेनंच तिचे कान तापले.

"पोरीचं लग्न हाय पुढच्या महिन्यात. तिचं डोकं सोललंय. नि मी तिला बोलली, दम धर. तुज्या जिवावर बोलली मी! केसानं गळा कापलास गो माजा."

जनी रडायला लागली. "सांगनार होते. पन तू सगल्यांसमोर माजं नाव घ्यायचीस. पाला नाय असं बोलायला तोंडच उघडेना. नि पाला नाय म्हटल्यावर मी यायचं कशाला होतं तुज्याकडं? पिशवीबिगर कदी बोलावलंस मला?"

ते खरं होतं, आणि त्यामुळेच रंभाला जास्त लागलं. पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी खुपत होतं.

"मी वास घेऊन ओरडायची," ती म्हणाली, "तवा तू हसायचीस. दोन वर्सं हसत होतीस. कुनाला हसत होतीस तू?"

रंभानं पिशवी गुलाबी भिंतीपाशी ठेवली आणि पाण्याला न शिवता परत फिरली.

पुढचे दिवस वाईट गेले. प्रांजलची सूज उतरली, पण फोड भरताना केस झडले. मागच्या बाजूला तर चट्टेच पडले. आळीत बोभाटा झाला, रंभानं मेहंदीत भेसळ केली. जिनं जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं गटारात ओतली, तिनंच! एका वाक्यात जनीचं नाव सांगून ती मोकळी झाली असती. नाही सांगितलं. जनीची दया आली म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर दोन वर्षं आपण बाजारच्या पावडरीला चिरनेर समजून ओरडत होतो, तेही सांगावं लागलं असतं. लहानपणापासूनच्या मैत्रिणीनं फसवलं, हे ऐकवण्यापेक्षा भेसळखोर ठरलेलं परवडलं.

लग्नाच्या सकाळी प्रांजलचा फोन आला. "मावशी, गंगावन तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणापुढे डोकं उघडं करायची लाज वाटते."

रंभा गेली. आईनं तोंड फिरवलं, पण खोलीचं दार उघडलं. त्या बोटांनी अकरा महिने जो केस न् केस जपला होता, त्यातला उरलासुरला गोळा करून तिनं त्याला खोटे केस गुंफले. पिना खोचल्या, वर गजरा माळला. आत्याबाई डोकावून म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" रंभाच्या जिभेवर दहा उत्तरं होती. तिनं गजरा सारखा केला.

"पाला नव्हता ना तो, मावशी?" प्रांजलनं आरशातून विचारलं.

"नव्हता, पोरी. मी बघायला पायजे होतं. नाय बघितलं."

घरी येऊन रंभानं कढई घासली आणि ओटीच्या कोपऱ्यात पालथी घातली. दिलेला शब्द होता तो.

तीन महिन्यांनी जनी आली, तशीच गाठ मारलेली पिशवी घेऊन. वाळली होती बाई. म्हणाली, भावाच्या शेताच्या बांधावर दोन झाडं आहेत, महिनाभर पाला वाळवला, हातानं कुटला. रंभानं तिला बस म्हटलं नाही. वाटी आणली, चिमूटभर पावडर कालवली, जनीचा हात ओढून तळव्यावर ठेवली.

"उद्या ये दाखवायला."

जनीनं हाताकडे बघितलं. ही परीक्षा कुणाची घेतात, हे तिला ठाऊक होतं. ती मूठ अर्धवट मिटून निघाली, आणि दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून परत आली. ओटीच्या पायरीवर उभं राहून तिनं हात पुढे केला. तळवा लालगर्द रंगला होता, लहानपणी नागपंचमीला रंगायचा तसा.

रंभानं तो हात हातात घेतला. बोटानं रंग घासून बघितला.

"खरी हाय," ती म्हणाली.

"मंग घे ना गो पिशवी."

रंभानं हात सोडला. "मेहंदी हातावर ठेवली की कळते, जने. मानूस कुठं ठेवून बघू?"

जनी पिशवी पायरीवर ठेवून गेली. ती अजून ओटीच्या खुंटीला टांगलेली आहे. रंभानं तिची गाठ सोडलेली नाही.