साहेबांचा भाऊ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी प्रत्येक फजिती तोंडपाठ. परतूरला उतरायचं सोडून झोपेत थेट परभणी गाठली, परक्याच्या लग्नात जेवून वर आहेर देऊन आलो — असल्या गोष्टी मी स्वतःच मीठमसाला लावून सांगतो. लोक हसतात. त्यांना वाटतं, या बाबाच्या पोटात काही राहत नाही. राहतं हो. हे राहिलं.

औरंगाबादेत विद्यापीठ उघडलं तेव्हाची गोष्ट. पेपरात जागा निघाल्या — प्राध्यापक, कारकून, शिपाई, आणि ग्रंथालयात एक मदतनीस. एकच. मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून. जनार्दन माझा शाळेतला बाकसोबती. अडतीवर सरकीची पोती रचायचा आणि त्याच पोत्यांवर बसून पुस्तकं वाचायचा. ती जागा त्याचीच होती — हे मला तेव्हाही कळत होतं. बिलकुल कळत होतं. म्हणून तर!

अर्जासोबत दाखल्यांच्या नकला लागायच्या, त्यांवर तहसीलदारांची सही आणि शिक्का. तो आला. मी म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी आला — दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी, अर्ज धाडायच्या शेवटच्या दिवशी, तो समोर उभा असतानाच आतून साहेब खोकले.

"आले का रं साहेब?" त्याचा चेहरा असा उजळला!

"न्हाई रे," मी म्हणालो, "त्यांचा भाऊ आलाय गावाकडून."

काय हे खोटं! शेंबड्या पोरानं पकडलं असतं. त्यानं का नाही पकडलं? संताप येतो मला — इतका विश्वास ठेवावा माणसानं? तोही माझ्यासारख्यावर? बघा, अजून त्याच्यावरच ढकलतोय. हलकट खोड, दुसरं काय. पडदा सारून दोन पावलं आत जायचं होतं. साहेबांचा चहासुद्धा निवला नसता.

माझ्या टेबलाच्या खणात त्याच जागेसाठी माझा अर्ज होता. नकलांवर सह्या, शिक्के, सगळं बराबर. त्या दुपारी मी तो टपालात टाकला — आणि तो परत आला, कारण अर्जावर माझीच सही करायला मी विसरलो होतो. हसा. हा भाग मी कित्येकदा रंगवून सांगितलाय. आधीचा गाळून.

हुरड्याच्या दिवसांत जनार्दननं शेतावर बोलावलं. आगटीभोवती त्याचे घरचे, शेजारचे, सगळे बसलेले.

"यानं लई धावपळ केली माझ्यासाठी," तो त्यांना म्हणाला. "साहेबच गावात नव्हते, मंग हा तरी काय करणार?" आणि चोळलेला गरम हुरडा सगळ्यांच्या आधी माझ्यापुढं धरला.

मी हात पुढं केला. खाल्ला. आणि पुन्हा पुढं केला.