धरमतरच्या खाडीत न तरंगलेलं अंडं

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे चहा जरा बेताने ओतते. कारण या फजितीत दोष द्यायला मला दुसरं कोणी सापडलेलं नाही!

मी राहते पेणला, रामवाडीत. शिकवते धरमतरच्या खाडीलगतच्या एका शाळेत, सातवीला विज्ञान. रोह्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. ‘मुलांना सांगू नका, त्यांना शोधू द्या!’ मी अशी भारावले, की घरी नवऱ्यालाही चहाची पावडर कुठे आहे ते सांगेना.

पुढच्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब वर्ग पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडला, तर आमचा प्रयोग तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार होता. आमची शाळा तिथे कधीच गेली नव्हती हो!

प्रयोग सोपा. गोड्या पाण्यात अंडं बुडतं, खाऱ्यात तरंगतं. खारं पाणी म्हणजे खाडी, ती तर दाराशीच. भरली बादली!

आता खरी अक्कल ऐका. साहेबांसमोर वह्या नीटनेटक्या दिसाव्यात, म्हणून मी सकाळीच फळ्यावर लिहिलं, ‘निरीक्षण : खाडीच्या पाण्यात अंडे तरंगले.’ सगळ्यांनी उतरवलं. फक्त चैतालीची वही कोरी. तिचे बाबा मिठागरात कामाला.

“का गं, लिहीत का नाहीस?”

“बाई, अजून बघितलं नाय.”

“फळ्यावर आहे ना? उतरव!”

तिने पेन हातात धरलं, पण लिहिलं काही नाही.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले. मी ऐटीत अंडं बादलीत सोडलं. गेलं की तळाला! दुसरं सोडलं, तेही तळाला.

“अंडी खराब दिसतात,” मी म्हणाले.

“खराब असती तर वर आली असती, बाई,” चैताली म्हणाली. “खाडीचं पाणी तेवढं खारट नाय. मिठागरात मीठ धरायच्या आधीचं पाणी असतं ना, त्यात टाका. वर येतंय.”

“चैताली, मध्ये बोलू नकोस! प्रयोग चाललाय!”

हे माझ्या तोंडून गेलं. रोह्याहून शिकून आलेल्या माझ्या!

साहेबांनी शांतपणे वह्या गोळा केल्या. तरंगले, तरंगले, तरंगले… आणि शेवटी एक, ताज्या शाईत : ‘बुडालं. दोन्ही.’

“बाई,” साहेब म्हणाले, “एवढ्या वर्गात प्रयोग एकीनेच पाहिला.”

न पाहणाऱ्यांत त्यांनी मलाही धरलं होतं, आणि ते खरंच होतं. बादलीसमोर उभी राहून मी फळ्यावरचंच वाचत होते. फार लाज वाटली.

“प्रदर्शनाला ही मुलगी येईल. येशील ना गं?”

चैतालीने मान डोलावली. मग माझा उतरलेला चेहरा पाहून तिलाच माझी दया आली असावी. जवळ येऊन हळूच म्हणाली,

“बाई, उद्या मी मिठागराचं पाणी आणते. अंडी पण आणते. तुम्ही कायच करू नका, फकस्त फळा पुसून ठेवा.”