बहुमताचा प्रोसेसर

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा रोह्याच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनचं काम करायचे. वाटून उरलेली पत्रकं फडताळात अंथरली जायची, त्यांत भाकरी बांधली जायची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पुढे मजकूर मीही लिहू लागले. त्यातलं एक पत्रक कॉम्प्युटरविरुद्ध होतं. माणसाच्या हातातलं काम काढून घेणारं यंत्र कुणाच्या फायद्याचं, असा त्यात सवाल होता. तो सवाल मला आजही चुकीचा वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तेच यंत्र घ्यायची पाळी आमच्यावर आली.

माझी थोरली बहीण एका केमिकल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेले पाइपांचे नकाशे शाईने ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे, चुकलं तर ब्लेडच्या पात्याने शाई हळूच खरवडायची, हे तिचं काम. कंपनीने ते ऑफिसच बंद केलं. ताईला आणि तिच्यासोबतच्या दोघींना सांगण्यात आलं, की यापुढे नकाशे बाहेरून, फ्लॉपीवर घेणार. तुम्ही देऊ शकलात तर काम तुमचं. गणपतीपर्यंत पहिला नकाशा आला नाही, तर ते पनवेलच्या पार्टीला जाईल.

तिघींनी पेणच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकून घेतलं. पुलापलीकडच्या अष्टमी गावात, एका किराणा दुकानावरची खोली घेतली. राहिलं होतं यंत्र. ते एकेक भाग निवडून जोडून घ्यावं लागे, आणि भाग निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण इंग्रजी मासिकं वाचणारी मी एकटीच. पत्रक चुकलं तर दुसरं छापता येतं. इथे चुकलं असतं तर तिघींचं काम गेलं असतं. त्या दिवसांत माझं जेवणावर लक्ष नसे.

पेणचा दुकानदार दोन प्रोसेसर दाखवत होता. दोन्ही ४८६, दोन्हींवर वेगाचा आकडा एकच. एक एसएक्स, स्वस्तातला. दुसरा डीएक्स. डीएक्समध्ये अपूर्णांकांची गणितं करणारा भाग आतच असतो, एसएक्समध्ये तो नसतो. पत्रं टाइप करायला त्याची गरज नाही, पण नकाशातला पाइपाचा प्रत्येक वाक म्हणजे अपूर्णांकांचा ढीग. असं मासिकात लिहिलं होतं खरं, पण त्याच मासिकात प्रोसेसरवाल्यांची पानभर जाहिरातही होती, म्हणून माझा विश्वास बसेना. शिवाय मदरबोर्ड. एसएक्सच्या स्वस्त बोर्डावर प्रोसेसर सोल्डरचा डाक देऊन कायमचा बसवलेला, आणि गणिताचा भाग पुढे जोडावा तर त्याला रिकामी जागाच नाही. एकदा घेतलं की घेतलं.

आमच्याकडे सगळं हात वर करून ठरायचं. तिघींनीही तोच रिवाज उचलला होता. मी दोन्ही बाजू मांडल्या. तिघींतली वयाने मोठी बाई मिठागरावर वाढलेली. तिने एवढंच विचारलं, की दुकानदार कुठला घ्या म्हणतो. मी म्हटलं, डीएक्स.

"मग दुसरा घ्यायचा," ती म्हणाली. "मिठाचा व्यापारी गोड बोलून आग्रह करायला लागला, की माझा बापूस तराजूच उचलून ठेवायचा."

तीन हात वर गेले. ठराव झाला: एसएक्स. मी सभासद नव्हते, मला मत नव्हतं. आणि असतं, तरी कशाच्या जोरावर दिलं असतं?

ताई आणि मी सकाळच्या गाडीने पेणला निघालो. ताईने एक फ्लॉपी सुती फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली होती. क्लासमध्ये सरावाला काढलेला कूलिंग टॉवरच्या पाइपांचा नकाशा होता तिच्यात. निडी गेलं, नागोठणे गेलं. कासूला तिने विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, ठराव झालाय.

दुकान एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर होतं. खाली अंगणात पाटांची चवड लागलेली. गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती बसते, ही पेणची जुनी रीत. म्हणजे मूर्ती घरच्या मखरात मावेल की नाही, याचा घोर राहत नाही. आम्हीही गिऱ्हाईकच वाटलो असू. रंगवणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर न करता विचारलं, "पाट आणलाव?"

ताई थबकली. मग डबा छातीशी धरून जिना चढली.

दुकानदाराने एसएक्सच्या पडद्यावर रंगीत चेंडू फिरवून दाखवला. सुरेख फिरला. आज तो नेहमीसारखा डीएक्सचा आग्रहही करत नव्हता, त्याने मला जास्तच धास्ती वाटली. ताईने फडकं सोडलं आणि आमचा नकाशा यावर उघडा म्हणाली. नकाशा दूरच, नकाशाचा प्रोग्रॅमच सुरू होईना. गणिताचा भाग सापडत नाही, अशी एक ओळ आली आणि पडदा काळा. तीच फ्लॉपी त्याने डीएक्सच्या यंत्रात घातली. टॉवर उमटला, मग पाइप, मग त्यांचे वाक. शेजारचं दुसरं डीएक्स होतं, त्याच्या बोर्डावर डिस्प्ले कार्डासाठी एक जादा लांब खाच होती. तिथे तोच नकाशा डोळ्यांदेखत झरझर भरला.

"हाच बोर्ड," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "ठराव एसएक्सचा आहे."

दुकानदाराने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "ताई, मशीन बहुमत मानत नाय हो."

"आम्ही मानतो," मी म्हणाले. आवाज चढला होता. एका बाईने पेणला जाऊन तिघींचा ठराव मोडायचा, तर मग कंपनीच्या साहेबाने काय वेगळं केलं होतं? पण तसला तो एकच बोर्ड होता, आणि अलिबागचा एक माणूस दुपारी तो बघायला येणार होता. परत जाऊन, सभा घेऊन यायचं तर बोर्ड गेला. ठराव मोडून घ्यायचं तर आम्ही गेलो.

ताईनेच वाट काढली. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून अष्टमीच्या किराणा दुकानात फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. किराणावाल्याच्या बायकोने वर हाक मारली. लाइन एकदा तुटली. बूथच्या काचेतून मला कॉम्प्युटरच्या दुकानाच्या जिन्याची वाट दिसत होती, अलिबागवाला येतो की काय म्हणून मी तिच्यावर नजर ठेवून होते. मग मोठ्या बाईचा आवाज आला. मी गणिताचा भाग, बोर्डावरची खाच, सगळं घाईघाईने सांगायला लागले. तिने मला मधेच तोडलं.

"फ्लॉपी तुमी घातलीत का त्यानं?"

"ताईनं सांगितलं तेव्हा त्यानं घातली."

"आपलाच नकाशा?"

"आपलाच."

"मग घ्या गो. माजा हात वर हाय. हिचा पन."

मी फोन ठेवला. ताईने तिथेच, बूथमध्ये, हात वर केला.

यंत्र अष्टमीला आलं, जोडलं गेलं. बाबा बघायला आले, चपला काढून दारातच उभे राहिले. पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे किती जणांची जागा खाईल?"

"तिघींची," ताई म्हणाली. "त्या तिघी आम्हीच."

बाबांनी चपला पायात सरकवल्या. जाताना, दुसरा ठराव लिहून ठेवलात ना, एवढं विचारून गेले.

गणपती घरोघर जायला लागले त्या आठवड्यात पहिला नकाशा कंपनीत गेला. काही दिवसांनी कंपनीचा शिपाई पूल ओलांडून आला, काखेत कागदांची भली मोठी गुंडाळी घेऊन. नवं काम होतं. मोठी बाई गालात हसली. ताईने गुंडाळी जमिनीवर पसरली, वाकून एकेका पाइपावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "यात वाक जास्त आहेत. झेपेल ना गं त्याला?"

मी यंत्राचं बटण दाबलं.

"घालून बघू," मी म्हटलं.