किल्ल्या दाराबाहेर

खालच्या मजल्यावरचे काका आमच्याकडे आले की आधी घड्याळ आणि किल्ल्या बाहेर चपलांच्या रॅकवर काढून ठेवतात. पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि यंत्रांच्या खोलीत लोखंड न्यायला बंदी असायची. रिटायर झाले तरी सवय राहिली. अख्खं नवीन पनवेल हल्ली विमानतळाबद्दल बोलतं. काकांचं लक्ष विमानांच्याही वर.

"सूर्याने काल कण सोडलेत," परवा संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले. "ध्रुवांकडे उतरतात ते. तिथल्या हवेत असे वायू तयार होतात की वरचा ओझोन खाऊन टाकतात."

"भरून येतो ना पण?"

"ऊन असेल तर लवकर. हिवाळ्यात तिकडे सूर्यच उगवत नाही. मग ते वायू तसेच टिकतात, हळूहळू खाली सरकतात. खाली कुणाला कळतसुद्धा नाही."

मी नको नको म्हणत असताना स्वतःचा कप विसळून ते गेले.

तासाभराने कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं, तर किल्ल्या रॅकवरच. त्या घेऊन धावत खाली गेलो. काका आपल्याच बंद दारासमोर, पायरीवर बसलेले.

मला रागच आला. "अहो, आमची बेल नाही का वाजवायची?"

"म्हटलं, जेवत असाल. आणि आत तरी कोण वाट बघतंय?"

मी बळेच त्यांना वर जेवायला आणलं. दारात थांबून त्यांनी किल्ल्या पुन्हा रॅकवर ठेवल्या, आणि मगच आत आले.