दिगंबर सरांची शिफारस

आमच्या ह्यांना, म्हणजे दिगंबर सरांना, कौतुक करता येत नाही. जन्म सदाशिव पेठेतला, त्यात आयुष्यभर भूगोल शिकवला. माझ्या हातची पुरणपोळी खाऊनही म्हणतात, "बरी झालीय." अशा माणसाकडे आम्रपाली शिफारस मागायला आली, तेव्हा मला तिच्या धाडसाचंच नवल वाटलं.

ही पोर गोंदियाकडची, ह्यांची निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्गातली विद्यार्थिनी. गावाकडच्या जुन्या तलावांचा अभ्यास तिला नेदरलँड्समध्ये पुढे न्यायचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं, नाहीतर नाही.

"तुला न बघताच निवडतात?" मी विचारलं. "आमच्याकडे स्थळसुद्धा बघितल्याशिवाय ठरत नाही गं."

"सरांच्या शब्दावर निवडतात, काकू."

मला धडकीच भरली.

शिफारशीचा फॉर्म परस्पर ह्यांच्या ईमेलवर आला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘गोपनीय’. पण ह्यांना लिंक उघडेना. मग मदतीला बोलावलं कोणाला? आम्रपालीलाच!

पोहे द्यायच्या निमित्ताने मीही मागे उभी राहिले. गंमतच होती. बुद्धी, चिकाटी, नेतृत्व, प्रत्येकापुढे चौकोन: असामान्य, उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, साधारण. ह्यांनी चष्मा सावरला. "चांगली. सगळीकडे चांगली कर," म्हणाले, आणि मोठं दान दिल्याच्या समाधानात पोह्यांकडे वळले.

आम्रपालीचं बोट हलेना. डोळे भरून आले.

"काय गं, मिरची लागली?"

"नाही जी, काकू. तिकडे ‘चांगली’ म्हटलं की अर्ज बाजूलाच ठेवतात. सगळ्यांचे सर ‘असामान्य’ लिहितात."

"म्हणजे सगळ्यांचे सर खोटं लिहितात," हे कडाडले. "असामान्य म्हणजे काय सत्यनारायणाचा शिरा आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला?"

मला संताप आला. ह्यांचा खरेपणाचा तोरा, आणि वाटोळं पोरीचं! "अहो, मग खरंच सांगा. इतक्या वर्षांत हिच्यापेक्षा सरस कोण कोण आलं?"

ह्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चमचा हातात तसाच. मनातल्या मनात एकेक वर्ग उलटत असावेत. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "कोणी नाही."

आम्रपाली बघतच राहिली. हे तिने सरांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मग लिहा की तसं!" मी म्हटलं.

"लिहितो. पण तू बाहेर जा गं," हे तिच्यावर खेकसले. "गोपनीय आहे."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. ह्यांच्या खोलीतून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज दुपारभर येत होता. काय लिहिलं, ते मलाही सांगितलं नाही.

शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ती पेढे घेऊन आली. ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चांगलं झालं."

आम्रपाली माझ्याकडे बघून हसली. मग नमस्काराला वाकली, ती लवकर उठलीच नाही.