ओढ्याकडं न जाणारा कळप

बेबीनंदाला मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. तीर्थपुरीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या तिच्या वाडीत शेळ्यांना लस टोचायला गेलो होतो. चार शेळ्या टोचून झाल्या आणि मागून आवाज आला, "सुई बदला साहेब. एकाच सुईनं सगळी वाडी टोचायलेत का?"

मी सुई बदलली. बाई पन्नाशीची, काळीसावळी, पायात पुरुषी बूट. हातात बाभळीच्या शेंगा पाडायची लांब आकडी, तिच्या टोकाला विळ्याचं पातं. नवरा भिवा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. ही इथं बारा-तेरा घरांच्या बेचाळीस शेळ्या राखायची. बौद्धवाड्यातल्याही आणि वरच्या आळीतल्याही. बावीस वर्षं तिचं हेच काम.

वाडीच्या खालच्या अंगाला ओढा आहे. काठानं बोरी, हिवर, बाभळी, चैत्रापर्यंत टिकणारा ओलावा. वरच्या अंगाला उघडा माळ. पूर्वी भीती माळाची होती, कारण तिथं लांडगे. म्हणून बेबीनंदा शेळ्या ओढ्यालाच चारायची. मग कालव्याचं पाणी आलं, ज्वारी गेली आणि ओढ्याच्या काठापर्यंत ऊस आला.

गेल्या माघात शेळ्यांनी ओढ्याला जाणं सोडलं.

अचानक नाही. आधी त्या काठावर पांगेनाशा झाल्या. एरवी शेळी म्हणजे एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, पण आता सगळ्या एकमेकींना खेटून चरायच्या. दोन घास घेतले की मान वर, कान उसाकडं. मध्येच एखादी नाकातून फुस्सकन शिंकरायची आणि सगळा कळप बांधावर पळत यायचा. आठवडाभरानं त्या बांधावरच थांबायला लागल्या. कळपाची म्होरकी होती कवडी, गोजरबाईची शेळी, काळीकुळकुळीत, कानांवर पांढरे ठिपके. ती बांधावर पाय रोवून उभी राहायची आणि तिच्या मागं एकेचाळीस.

बेबीनंदानं पहिल्या दिवशी त्यांना झोडपलं. दुसऱ्या दिवशी झोडपलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कळप घेऊन माळाला गेली. माळावर वाळकं कुसळ आणि पाझर तलावातलं डबकंभर पाणी, पण चारी बाजूंना नजर पोचत होती. शेळ्या तिथं निवांत पांगल्या.

माळाची वाट वरच्या आळीतले मोठे शेतकरी कारभारी यांच्या वरच्या शेतातून जाते. खालचा ऊसही त्यांचाच. त्या वर्षी कारखान्याची तोड लांबली होती आणि ऊसतोडीची टोळी कधी येते याची ते रोज वाट बघत होते. बेबीनंदानं पारावर चार माणसांत सांगितलं, "उसात वाघ हाय. बिबट्या." त्याच संध्याकाळी कारभारी बौद्धवाड्यात, तिच्या दारात आले. आत आले नाहीत, अंगणातही नाही. रस्त्यावरून बोलले.

"ए बेबे, तू पाह्यला का वाघ?"

"मी न्हाई पाह्यला. शेळ्यायनं पाह्यला."

"शेळ्यायनं! अन् ही गोष्ट टोळीच्या कानावर गेली, तर माझ्या फडात कोयता घेऊन कोण घुसंल? तुझा नवरा?"

"टोळीतल्या बायायच्या पाठीला लेकरं ऱ्हातेत, अण्णा. त्यायला सांगायलाच पाहिजे."

"तोंड बंद ठेव," कारभारी म्हणाले. "न्हाईतर वाट बंद करतो."

वाट त्यांनी दुसऱ्या दिवशी बंद केली. दोन्ही बांधांच्या मध्ये बाभळीचे फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, आणून टाकल्या. वाडीत बोलायला सुरुवात झाली. माळावर चारल्यानं शेळ्या आटल्या होत्या, हे खरंच होतं. दुधाचा पेला निम्म्यावर आला होता. बाई आळशी झाली, ओढ्यापर्यंत चालायला नको म्हणून वाघाचं निमित्त करते, असं लोक म्हणायला लागले. तिच्याच आळीतली गोजरबाई, एकटी म्हातारी, कवडीच्या दुधाच्या चहावर जगणारी, तीही तोंड फिरवू लागली. भिवा आला तेव्हा म्हणाला, "कशाला लोकायच्या तोंडी लागती? हाक शेळ्या खाली." ती त्याच्याशीही भांडली.

रोज सकाळी ती आकडीनं फास बाजूला ओढायची, शेळ्या काढायची आणि फास परत जागच्या जागी लावायची. कारभारी रोज नवा फास टाकायचे.

अशा एका सकाळी, नऊच्या सुमाराला, ते तिथंच दबा धरून बसलेले होते. त्यांची सून शालू खालच्या वाफ्यात कांदे काढत होती. पुढं जे झालं ते मला तिघांकडून कळलं, त्यांतल्या दोघींचं सांगणं जुळतं.

कारभाऱ्यांनी कवडीच्या गळ्यात आपला खांद्यावरचा रुमाल अडकवला, त्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि तिला ओढ्याकडं ओढायला लागले. "चल, तुला दाखवतो तुझा वाघ!"

"अण्णा, सोडा तिला. मुकं जनावर हाय."

"तूबी चल. पार उसाच्या कडंला चल."

कवडी चारी पाय रोवून घसरत होती. बांधाखाली उतरल्यावर तिनं ओरडणंही थांबवलं. बाकीचा कळप उलटा माळाकडं पळाला. बेबीनंदा क्षणभर मध्ये उभी राहिली, इकडं एकेचाळीस, तिकडं एक. मग ती खाली धावली.

उसाच्या कडेला पोचून कारभारी वळले आणि म्हणाले, "कुठंय?"

ऊस हलला एवढंच शालूला दिसलं. पिवळं काहीतरी जमिनीलगत आलं आणि कवडी आडवी झाली. रुमाल मनगटाला गुंडाळलेला, त्यामुळं शेळीबरोबर कारभारीही पडले आणि दोन-तीन हात फरफटत उसाच्या तोंडाशी गेले. बेबीनंदा शिव्या देत, किंचाळत पोचली आणि आकडीच्या पात्यानं तिनं रुमाल मधोमध कापला. मग ढेकळं, दगड, जे हाताला लागलं ते फेकलं. बिबट्यानं शेळी सोडली आणि तो उसात शिरला. कवडी तोवर मेली होती.

कारभारी उठले, एक पायताण तिथंच टाकून घरी गेले. बेबीनंदाकडं त्यांनी पाहिलंही नाही. ती माळावर जाऊन कळप मोजून आली.

दुपारी पंचनाम्याला वनरक्षक आले, शेळी तपासायला मी. उसाच्या कडेला चाळीस-पन्नास माणसं जमली होती. तोवर वाडीत सगळीकडं एकच गोष्ट झाली होती, बेबीनंदानं चोरून शेळ्या कारभाऱ्यांच्या उसात घातल्या आणि वाघ ओढवून घेतला. गोजरबाई मेलेल्या शेळीजवळ बसून रडत होती. "माझी कवडी मारली गं तू. तुझ्या जिभंनं मारली."

वनरक्षकानं विचारलं, "शेळी इथं कशी आली?"

"तिनंच आणली," कारभारी म्हणाले. मनगटावर सुजलेला लाल वळ होता, तो त्यांनी सदऱ्याच्या बाहीत घेतला होता. "मी आवाज ऐकून आलो."

"खोटं," बेबीनंदा म्हणाली. "त्यायनीच ओढून आणली."

गर्दीतून कोणीतरी तिला शिवी दिली. दुसऱ्यानं म्हटलं, हिला आता गावात शेळ्या राखू देऊ नका.

मी खाली बसून शेळी तपासत होतो. नरड्यावर चार दातांच्या खुणा, बिबट्याच्याच. आणि त्यांच्या वर, केसांत रुतलेला, अर्ध्यात कापलेला हिरव्या काठाचा रुमाल. मी तो वर धरला आणि विचारलं, हा कोणाचा? खरं सांगतो, मला ठाऊक नव्हतं. पण माणसं एकेक करून कारभाऱ्यांकडं बघायला लागली, तेव्हा कळलं की बाकी सगळ्यांना ठाऊक आहे.

"मामांचा हाय," शालू म्हणाली.

ती कांद्याची पाटी कडेवर घेऊन मागं उभी होती. कारभारी तिच्याकडं वळले. "घरी जा."

"जाते. पण मी पाह्यलंय, मामा. या बाईनं रुमाल कापला नसता तर तुमचा हात गेल्ता."

पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं.

त्यानंतर बेबीनंदाचं कौतुक झालं असेल असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. शालूला महिनाभर माहेरी, वडीगोद्रीला, पाठवून दिलं. टोळीनं कारभाऱ्यांच्या फडात यायला नकार दिला. पुढं वनखात्याच्या माणसांनी फटाके वाजवून ऊस मोकळा केला, मगच तोड झाली, तोवर ऊस वाळून हलका झाला होता. त्याचाही राग बेबीनंदावरच. गोजरबाईनं उरलेली पाट, अजून न व्यालेली तरणी शेळी, तिच्याकडून काढून घेतली आणि खुंटीला बांधून ठेवली. आणखी चार घरांनी शेळ्या काढल्या. बेचाळीसच्या तेवीस झाल्या.

ऊस गेला, ओढ्याचा काठ उघडा पडला. आता लोक म्हणायला लागले, वाघ गेला, आता हाक की खाली. तिनं हाकल्या नाहीत. बिबट्या पलीकडच्या शिवारातल्या उसात गेला असेल, परत येईल, न येईल, हे शेळ्या ठरवतील, असं तिचं म्हणणं. माळावर जेठात लांडग्यानं एक करडू नेलं. मी गेलो तेव्हा म्हणालो, "बेबीनंदाबाई, मग फायदा काय झाला?"

"लांडगा दिसतो, साहेब," ती म्हणाली. "येतानी दिसतो. मी दगड घेऊन उभी ऱ्हाते. धा वेळा हाकलला, अकराव्या वेळी नेलं. उसातला काय दिसतो?"

आषाढाच्या शेवटी शेळ्या आपण होऊन ओढ्याला उतरल्या. घटकाभर चरल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त वेळ. ती मागं मागं.

त्याच आठवड्यात कारभाऱ्यांच्या बायको पुष्पाबाई बेबीनंदाच्या अंगणात आल्या. घरच्या तीन शेळ्या राखणीला घे म्हणाल्या. शेतात फास नव्हते, कधी काढले ते कोणी सांगितलं नाही. मी तेव्हा तिथंच होतो, एका बोकडाच्या खुराला मलम लावत.

"यायनी पाठवलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "मागचं जाऊ दे आता."

बेबीनंदानं हातातला बाभळीचा पाला करडांपुढं टाकला. "त्यायनी सोता यावं. पंचायच्या पुढं जे खोटं बोलले, ते खोटं होतं म्हणून सांगावं. मंग घेते."

"ते न्हाई येणार."

"मंग तुमच्या शेळ्या तुम्हीच राखा."

पुष्पाबाई उभ्या उभ्याच वळल्या. बस म्हणून कोणी म्हटलं नाही. त्या गेल्यावर बेबीनंदा माझ्याकडं वळली, "खूर नीट बांधा साहेब, मागच्या खेपंला पट्टी एका दिवसात सुटली," म्हणाली, आणि आकडी उचलून कळपामागं निघून गेली.